कडेला वाफ, मधे बर्फ : एका डब्याचं प्रकरण

ताईला सातवा महिना चालू होता आणि त्या आठवड्यात ती आणि दाजी आमच्याकडेच राहायला आले होते. रात्री साडेनऊला तिला परत भूक लागली. फ्रीजरमधे मी पाच दिवसांपूर्वी ठेवलेला चिकन-भाताचा डबा होता, तो काढला, झाकण जरा तिरकं ठेवलं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधे फुल पॉवरवर चार मिनिटं लावली. चारच का, तर आमच्याकडे कायम चारच लावतात. टिंग वाजलं, दार उघडलं तर कडेने ग्रेव्ही खदखदतेय, भरपूर वाफ येतेय, डबा हाताला चटका देतोय. तसाच डबा तिच्यापुढे ठेवला. तिने कडेचा एक घास खाल्ला, म्हणाली मस्त गरम आहे, आणि दुसऱ्या घासाला चमचा मधे घातला तर खट्ट आवाज आला.

"अरे, मधे दगड आहे हा," ती म्हणाली.

दगड म्हणजे बर्फ. बाहेरून उकळणारा डबा आणि पोटात मुठीएवढा बर्फाचा गोळा. मला खरंच धस्स झालं, कारण तिने मधला घास आधी घेतला असता आणि तो गोठलेला नसून नुसता कोमट असता तर तिने तो खाऊन टाकला असता आणि कुणाला कळलंही नसतं. बर्फ निदान दाताला लागतो, कोमट लागत नाही.

आता त्या क्षणी काय करायचं? माझं पहिलं म्हणणं होतं की राहू दे, ओट्यावर ठेवतो, हळूहळू सुटेल, मग परत गरम करू. दाजींनी तिथल्या तिथे थांबवलं आणि ते बरोबर होतं. त्या डब्यात त्या वेळी एका टोकाला उकळतं आणि दुसऱ्या टोकाला बर्फ, म्हणजे मधे कुठेतरी अख्खा पट्टा कोमट, आणि ५ ते ६० डिग्रीच्या मधलं तापमान म्हणजे जंतूंना वाढायला अगदी सोयीचं. अर्धवट गरम झालेलं अन्न बाजूला ठेवायचं नसतं, सुरू केलं की लगेच पूर्ण करायचं. आम्ही तेच केलं, पण त्याआधी दाजींनी ब्रेडसाठी घेतलेला सुईसारखा डिजिटल थर्मामीटर काढला आणि डब्यात जागोजागी खुपसला. कोपऱ्यात ८८ डिग्री. कडेच्या मधोमध ६४. कडेपासून दोन बोटं आत ३१. आणि मधे सुई शिरेचना, जोर लावून शिरली तर आकडा उणे १.

एकाच डब्यात, सात सेंटीमीटरच्या आत, ८९ डिग्रीचा फरक. हे आकडे मी फ्रीजवरच्या वहीत तेव्हाच लिहून ठेवले आणि पुढचं सगळं प्रकरण त्यातूनच निघालं.

डब्याची माहिती आधी सांगतो. चौकोनी प्लास्टिकचा, सात सेंटीमीटर खोल, आत ६०० ग्रॅम भात आणि ग्रेव्हीतलं चिकन, त्यात एक तंगडी हाडासकट. फ्रीजर उणे १८ वर. सगळं शिजवलेलंच होतं, कच्चं काही नव्हतं.

दाजींनी पहिला प्रश्न विचारला तो मला आधी कधी सुचलाच नव्हता. चार मिनिटांत एवढी उष्णता त्या डब्यात जाऊ तरी शकते का? कागद घेऊन हिशोब केला. ६०० ग्रॅममधे साधारण ७० टक्के पाणी धरलं तर ४२० ग्रॅम पाणी, ते बर्फ झालेलं. उणे १८ वरून शून्यावर आणायला सुमारे २० किलोज्यूल (उष्णता मोजायचं माप). बर्फाचं नुसतं पाणी व्हायला १४०. आणि तिथून ७४ डिग्रीपर्यंत, परत गरम केलेलं अन्न निदान एवढं तापायला हवं, न्यायला सुमारे १५५. एकूण ३१५ किलोज्यूल. यातला मधला आकडा बघा जरा. बर्फाचं पाणी होताना तापमान एका डिग्रीनेही वाढत नाही, आणि तरी त्यात जेवढी उष्णता जाते तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० डिग्रीला गेलं असतं. म्हणजे फ्रीजरचा डबा गरम करणं म्हणजे फ्रीजचा डबा जवळजवळ दोनदा गरम करणं.

मग ओव्हन किती देतो ते बघितलं. मागच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरात ११५० वॅट लिहिलंय, मी इतके दिवस तेच धरून चाललो होतो, पण तो आकडा ओव्हन विजेचा किती खातो त्याचा आहे, अन्नाला किती देतो त्याचा नाही. देण्याचा आकडा खाली बारीक होता, ७०० वॅट. तोही खरा आहे का ते बघायला एक सोपी युक्ती आहे आणि ती प्रत्येकाने एकदा तरी करावी असं मला मनापासून वाटतं. काचेच्या भांड्यात बरोबर एक लिटर पाणी घ्यायचं, ढवळून तापमान बघायचं, फुल पॉवरवर दोन मिनिटं ठेवायचं, लगेच परत ढवळून बघायचं, आणि जेवढे डिग्री वाढले त्याला ३५ ने गुणायचं. आमचं पाणी २४ वरून ४२.५ ला गेलं, वाढ १८.५, गुणिले ३५ म्हणजे जवळजवळ ६५० वॅट. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद, गुणिले ६५०, झाले १५६ किलोज्यूल. लागणार होते ३१५. निम्मेच!

म्हणजे तो डबा चार मिनिटांत गरम होणं शक्यच नव्हतं, कसाही ठेवला असता, कितीही ढवळला असता तरी. मग घरात चार मिनिटं हा आकडा आला कुठून? तर आईने सांगितलं की तो जुन्या ओव्हनचा. तो १००० वॅटचा होता आणि तेव्हा डबे फ्रीजमधून निघायचे, फ्रीजरमधून नाही. फ्रीजमधल्या ६०० ग्रॅमला ७४ पर्यंत जायला दीडशे किलोज्यूलच्या आत लागतात आणि जुना ओव्हन चार मिनिटांत २४० द्यायचा, म्हणजे वाया जाणारं धरूनही भरपूर. ओव्हन बदलला, डब्याची जागा बदलली, मिनिटं तीच राहिली. पाकिटावर छापलेली मिनिटंसुद्धा अशीच कुठल्यातरी एका वॅटची असतात आणि आपला ओव्हन त्याच वॅटचा आहे का हे न बघता आपण बटण दाबतो. २००७ मधे अमेरिकेत चिकन-टर्की भरलेल्या फ्रोझन पॉट पायमधून (वर पिठाचं कवच असलेला पदार्थ) साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची साथ आली होती, ४०० च्या वर रुग्ण निघाले, आणि चौकशीत कळलं की बहुतेकांनी ते मायक्रोवेव्हमधेच केले होते आणि पुष्कळांना आपला ओव्हन किती वॅटचा ते माहितच नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

पण नुसती उष्णता कमी पडली एवढंच असतं तर सगळा डबा सारखाच थंड राहिला असता. कोपरा ८८ आणि मधला भाग उणे १, हे का?

इथे माझा एक जुना समज मोडला. मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो असं मी कायम ऐकत आलोय, आणि ते चुकीचं आहे. लहरी बाहेरून आत शिरतात आणि शिरता शिरता संपत जातात, पाणीदार अन्नात साधारण दोन-तीन सेंटीमीटरमधेच त्यांचा बहुतेक जोर उतरतो, मीठ जास्त असेल तर त्याहून आधीच. त्याच्या पुढे आत जे काही गरम होतं ते लहरींनी नाही, तर बाहेरच्या गरम थरातली उष्णता हळूहळू आत सरकते त्याने, अगदी गॅसवरच्या भांड्यासारखंच. कोपऱ्यात लहरी दोन-तीन बाजूंनी येतात म्हणून तिथे सगळ्यात आधी उकळी फुटते. चौकोनी डब्याचे कोपरे कायम वाळून कडक का होतात त्याचं उत्तर हेच, आणि म्हणून गोल भांडं बरं.

त्यात बर्फाची स्वतःची एक भानगड आहे. ओव्हनमधल्या लहरी सेकंदाला जवळजवळ अडीचशे कोटी वेळा मागेपुढे हेलकावतात, नेमकं सांगायचं तर २४५० मेगाहर्ट्झ, आणि पाण्याचे रेणू त्यांच्याबरोबर वळायला बघतात, त्या ओढाताणीतून उष्णता होते. बर्फात तेच रेणू जागच्या जागी जखडलेले असतात, वळूच शकत नाहीत, म्हणून बर्फ या लहरी फारच कमी शोषतो. मग होतं काय की डब्याच्या कडेला पहिला जरासा बर्फ सुटला की ते पाणी लहरी ओढून घ्यायला लागतं, ते अजून तापतं, त्याच्या शेजारचं सुटतं, तेही ओढायला लागतं, आणि मधला गोळा तसाच उपाशी. फुल पॉवरवर ही शर्यत इतकी जोरात चालते की कड उकळायला लागते तरी मधे काही पोचलेलं नसतं. आमच्या डब्यात नेमकं हेच झालं, मिळालेली सगळी उष्णता बाहेरच्या अर्ध्याने खाल्ली.

म्हणून डीफ्रॉस्टचं बटण. ते काही वेगळ्या प्रकारच्या लहरी सोडत नाही. आमच्या ओव्हनला कान लावून बसलो तर ३० टक्क्यांवर साधारण ९ सेकंद घूंऽऽ आवाज येतो आणि मग २१ सेकंद शांत, परत ९, परत २१. म्हणजे जेव्हा चालू असतो तेव्हा पूर्ण जोरानेच चालू असतो, फक्त मधे थांबतो (इन्व्हर्टरवाले ओव्हन मात्र खरंच जोर कमी करतात). आणि खरं काम त्या शांत २१ सेकंदात होतं, तेव्हा कडेची उष्णता आत सरकते. मी आयुष्यभर तो वेळ फुकट जातो असं समजून फुल पॉवर दाबत आलोय.

त्या रात्री मग पुढे असं केलं. डबा मोठ्या गोल काचेच्या भांड्यात उलटा केला, काट्याने जेवढा फुटेल तेवढा फोडला, मधले गोठलेले तुकडे कडेला आणि कडेचं गरम मधे, हे उलटंपालटं करणं फार महत्त्वाचं. वर झाकण, वाफेला एक फट ठेवून, कारण आत कोंडलेली वाफ वरचा कोरडा भाग पण तापवते. ३० टक्क्यांवर पाच मिनिटं, परत ढवळलं, मग फुल पॉवरवर चार, मधे एकदा ढवळून. झाकण न काढता तीन मिनिटं तसंच ठेवलं. मग थर्मामीटर: ८१, ७९, आणि तंगडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ६८. शिजवलेलं अन्न परत गरम करताना सगळीकडे ७४ व्हायला हवं, म्हणून अजून एक मिनिट, मग ७७. ताईने सव्वादहाला जेवण सुरू केलं आणि तोवर तिची भूक मरायला आली होती, ते मला अजून टोचतं.

ताईने आधी खाल्लेल्या त्या एका घासाचं काय? तो कडेचा होता, चटका बसेल इतका गरम, म्हणून फार घाबरण्यासारखं नव्हतं. तरी गरोदरपणात लिस्टेरिया नावाच्या जंतूची भीती असते. गरोदर बाईला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण दहापट असते, तिला स्वतःला नुसता ताप आल्यासारखं वाटतं आणि बाळाला मोठा धोका होतो. हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, फ्रीजरमधे वाढायचा थांबतो पण मरत नाही, आणि लक्षणं कधी कधी कित्येक आठवड्यांनी दिसतात. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागलं, कारण "आम्ही कायम असंच करतो, कुणाला काही झालं नाही" हे जे आपण म्हणतो त्याला मग काही अर्थच उरत नाही. दोन महिन्यांनी ताप आला तर कोण त्या डब्याशी जोडणार? ताईने पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ताप आला तर लगेच या म्हणून सांगितलं, आला नाही. बाळ आता चार महिन्यांचं आहे आणि छान आहे.

दाजींनी अजून एक विचारलं, भात शिजल्यावर किती वेळ बाहेर होता. तासाच्या आत फ्रीजरमधे गेला होता, म्हणून ठीक. पण ते का विचारलं तर भातात बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि एक विष सोडतात, ते १२१ डिग्रीलाही तासभर टिकतं. म्हणजे बाहेर राहिलेला भात नंतर कितीही कडकडीत गरम केला तरी सुधारत नाही. आणि इथे मला कळलं की माझा तो खोल डबा दोन्हीकडून चुकीचा होता, सात सेंटीमीटर जाड भात फ्रीजरमधे गेला तरी त्याचा मधला भाग थंड व्हायला खूप वेळ लागतो, ज्या कारणाने तो तापत नाही त्याच कारणाने तो निवतही नाही.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. डब्याचा एक कोपरा आतून पांढरा पडून खरबरीत झाला होता, जिथे ग्रेव्हीचं तेल साचलं होतं तिथेच. पाणी १०० ला थांबतं, तेल थांबत नाही. डब्यावर मायक्रोवेव्ह सेफ लिहिलेलं होतं, पण ते फक्त भांड्याबद्दल असतं, आतलं अन्न सेफ झालं असं त्याचा अर्थ नाही. तेव्हापासून गरम करायला काचच वापरतो, मात्र गोठलेली काच सरळ ओव्हनमधे टाकत नाही, तडकू शकते.

रविवारी त्याच दिवशीचा दुसरा डबा होता, अगदी तसाच, तो सगळ्यांसमोर नीट करून बघायचं ठरवलं. त्याआधी दाजींनी फिरती प्लेट काढून एका ताटलीत चॉकलेटच्या पातळ वड्या एकसारख्या मांडून अर्धा मिनिट ठेवल्या. काही ठिकाणी चॉकलेट वितळून वाहिलं आणि अगदी शेजारचं हातही न लावल्यासारखं कडक, वितळलेल्या ठिपक्यांमधे साधारण सहा सेंटीमीटर अंतर. लहरी भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळून आत ठरावीक जागी जोर आणि ठरावीक जागी शांतता तयार होते, ते सहा सेंटीमीटर म्हणजे लहरीच्या लांबीचा निम्मा. प्लेट फिरते ती याचसाठी. पण प्लेटच्या बरोबर मधोमध ठेवलेली वाटी जागेवरच गिरकी घेते, तिचा मधला भाग कधीच हलत नाही, तो नेमका शांत जागी आला तर आला. म्हणून लहान भांडं प्लेटच्या कडेला ठेवायचं. हे इतकं साधं आहे आणि मी आयुष्यभर सगळं नेमकं मधोमध ठेवत आलो.

मग दुसरा डबा. बाहेरून नळाच्या पाण्याखाली धरून गोळा सैल केला, गोल काचेच्या भांड्यात काढला, झाकण. ३० टक्क्यांवर आठ मिनिटं, फोडलं, परत चार मिनिटं, फोडलं, आता चमच्याला कुठे बर्फ लागत नव्हता. मग फुल पॉवरवर सहा मिनिटं, तिसऱ्या मिनिटाला ढवळून. बंद केल्या केल्या पाच ठिकाणी मोजलं: ८६, ८३, ७१, ७९, आणि हाडाजवळ ६६. झाकण लावून तीन मिनिटं हातही लावला नाही. परत त्याच पाच जागा: ८१, ८०, ७५, ७८, ७१. जास्तीचे उतरले, कमीचे चढले, ओव्हन बंद असताना. पाकिटावर शेवटी लिहिलेलं असतं ना, दोन मिनिटं तसंच राहू द्या, मला ते कायम तोंड भाजू नये म्हणून लिहिलेलं वाटायचं. ते शिजण्याचंच शेवटचं पाऊल आहे. हाडाजवळचा ७१ मात्र पुरेसा नव्हता, अजून एक मिनिट दिलं, ७८ झाला. सगळे मिळून तेवीस-चोवीस मिनिटं गेली. चारच्या जागी चोवीस.

आई म्हणाली एवढा वेळ असेल तर मी ताजं करून घालीन तिला, आणि तिचं काही चुकत नव्हतं. म्हणून मग बदल गरम करण्यात नाही, ठेवण्यात केला. पुढच्या वेळी चिकन हाडावरून सोडवून घेतलं, ३००-३०० ग्रॅमचे भाग केले, पसरट डब्यात तीन सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीचा थर दिला आणि मधे एक वाटी उपडी ठेवून गोठवलं, म्हणजे बांगडीसारखा आकार येतो, मधे पोकळ. जिथे उष्णता पोचत नाही तिथे अन्नच ठेवलं नाही. झाकणावर तारीख आणि ओव्हनच्या दारावर मार्करने ६५०.

तो पहिला बांगडी-डबा ताईसाठीच काढला. ३० टक्क्यांवर चार मिनिटं, ढवळून फुल पॉवरवर चार, दोन मिनिटं झाकून. सहा ठिकाणी सुई घातली, सगळ्यात कमी आकडा ७६. मी म्हटलं, "ताई, खा आता बिनधास्त." तिने मान हलवली, आणि तरी पहिला चमचा मधेच घातला. अजूनही तसंच करते.